खाकी कव्हरातला कप्तान

सुमेधाच्या मते, दुसऱ्याला दिलेलं पुस्तक परत येताना चहाच्या कपाचं एक वर्तुळ तरी अंगावर घेऊनच येतं. त्यामुळे सबनिसांच्या घरातून कुठलंही पुस्तक खाकी कव्हर घातल्याशिवाय बाहेर पडत नसे. त्या शनिवारी सकाळी तिने तीन पुस्तकांना कव्हरं घातली, कोपरे घट्ट दुमडले आणि चळत विश्रामच्या हातात देत बजावलं, "वरचं तुझ्या साहेबांचं, मधलं फ्रान्सिसचं, खालचं कॅरोलिनचं. नावं घालून देऊ का?"

"तीन पुस्तकं आहेत, सुमेधा. तीनशे नाहीत," विश्राम म्हणाला आणि गाडीची किल्ली शोधू लागला.

ऑस्ट्रेलियातल्या वॉलॉंगॉंगमध्ये तेव्हा मराठी घरं मोजकीच होती, आणि 'काय वाचू?' हा प्रश्न त्या सगळ्या घरांतून सबनिसांकडेच यायचा. सुमेधा गावातल्या लायब्ररीत मुलांच्या विभागात काम करायची. विश्राम पोर्ट केंब्लाजवळच्या एका पोलादी नळ्यांच्या कारखान्यात केमिस्ट होता. पुण्याहून येताना त्याने कपड्यांपेक्षा पुस्तकं जास्त आणली होती, एवढ्यावर त्याची ख्याती झाली होती. त्याचा मित्र फ्रान्सिस तुस्कानो मूळचा वसईचा. वसईच्या किल्ल्यावरून त्याचा भावाशी पत्रातून वाद चालू होता, म्हणून त्याला इतिहासाचं पुस्तक हवं होतं. फ्रान्सिसच्या अकरा वर्षांच्या कॅरोलिनसाठी सुमेधाने मुलांची एक इंग्रजी कादंबरी निवडली होती. आणि तिसरं मॅनेजमेंटचं पुस्तक होतं विश्रामच्या साहेबांसाठी.

हे तिसरं प्रकरण नाजूक होतं. त्या वर्षी नळ्यांना गिऱ्हाईक राहिलं नव्हतं आणि विभागाविभागातून माणसं कमी करणार, अशी बोलवा होती. कुणाला ठेवायचं आणि कुणाला नाही, ते विभागाचा प्रमुख रॉन हार्पर ठरवणार होता. रॉन म्हणजे भट्टीवरच्या मजुरापासून वर चढत आलेला धिप्पाड माणूस. लाल मान, जाड मिशा आणि यंत्रांच्या वर जाणारा आवाज. हेड ऑफिसने सगळ्या प्रमुखांना मॅनेजमेंटचं एकेक पुस्तक वाचून गुरुवारी सिडनीच्या मीटिंगमध्ये त्यावर बोलायला सांगितलं होतं. रॉनने विश्रामला बाजूला घेऊन विचारलं होतं, की तू पुस्तकवाला माणूस आहेस, मला एखादं सुचव. साहेबांनी आपल्याकडे काही मागावं, आणि तेही अशा दिवसांत, यात विश्रामला आपली नोकरी वाचल्याची पहिली खूण दिसली होती.

कोरीमालच्या सिग्नलला पुढची बस अचानक थांबली. विश्रामने ब्रेक दाबला आणि तिन्ही पुस्तकं सीटवरून खाली घसरली. तो वाकून ती गोळा करतोय तोवर दिवा हिरवा झाला, मागच्याने हॉर्न वाजवला. त्याने हाताला लागली तशी पुस्तकं उचलून पुन्हा सीटवर रचली. क्रम तोच असणार, असं त्याने गृहीत धरलं.

रॉन घरापुढचं गवत कापत होता. त्याने हात चड्डीला पुसले, पुस्तक दोन बोटांत धरलं, न उघडताच काखेत मारलं आणि म्हणाला, "थँक्स, मेट." तिथून विश्राम डॅप्टोला तुस्कानोंकडे गेला. फ्रान्सिसने आपलं पुस्तक उघडलं आणि उभ्या उभ्याच वसईचा वेढा शोधायला लागला. कॅरोलिन तिचं घेऊन खोलीत पळाली. फ्रान्सिसची बायको मार्सेलिन हिने सुरमईचं कालवण जेवायला घातलं. विश्राम तृप्त होऊन घरी आला.

सोमवारी संध्याकाळी फ्रान्सिसचा फोन आला.

"विश्राम, तू माझ्या पोरीला काय वाचायला दिलंस?"

"का रे? आवडलं नाही?"

"आवडलं नाही? काल चर्चहून आल्यावर तिने घरात मीटिंग लावली. म्हणते, या घरात जबाबदाऱ्या नीट वाटलेल्या नाहीत, सगळी भांडी ममावर येतात. मार्सेलिन लगेच तिच्या बाजूला. मग मला विचारते, डॅड, व्हॉट इज युअर ऑब्जेक्टिव्ह फॉर द वीक? मी म्हटलं, क्रिकेट बघणं. तर म्हणते, दॅट्स नॉट मेझरेबल. आता मी रोज भांडी घासतोय, आणि ती वहीत टिक करतेय."

विश्राम पोट धरून हसला. डोळे पुसत त्याने रिसीव्हर खाली ठेवला आणि तसाच, हात फोनवर ठेवून, उभा राहिला. कॅरोलिनकडे जर मॅनेजमेंट गेलं असेल, तर रॉनकडे काय गेलं?

सुमेधा कांदा चिरत होती. तिने सुरी खाली ठेवली.

"त्या गोष्टीत काय आहे?" विश्रामने विचारलं.

"एका जहाजाची गोष्ट आहे. मुलांना फार आवडते."

"जहाजावर कोण असतं?"

"कप्तान असतो एक. मोठमोठ्याने ओरडणारा, कळत काही नसलेला. जहाज हलकं व्हावं म्हणून तो प्रत्येक बंदरात एकेक खलाशी उतरवून टाकतो. मग वादळ येतं आणि शीड बांधायला माणूसच उरत नाही. शेवटी जहाजावरची मुलं त्याला एका बेटावर सोडतात आणि जहाज आपणच चालवतात."

विश्राम खुर्चीवर बसला. माणसं कमी करण्याच्या दिवसांत, माणसं कमी करणाऱ्या साहेबाला, त्याने स्वतःच्या हाताने ही गोष्ट नेऊन दिली होती.

"चित्रं आहेत?"

"मुलांचं पुस्तक आहे. असणारच."

"कप्तान कसा दिसतो?"

सुमेधाने सुरी पुन्हा उचलली. "जाडसा आहे," ती म्हणाली. "आणि मिशा आहेत."

त्या रात्री दोघांनाही जेवण गेलं नाही. घराचे हप्ते चालू होते. सुमेधाची नोकरी अर्धवेळ होती. पुण्याला परत जायचं तर तिथे कोण नोकरी घेऊन वाट पाहत बसलं होतं? सुमेधाचं म्हणणं होतं, की सरळ जाऊन चूक झाली म्हणून सांगून टाक. विश्रामचं म्हणणं होतं, की चूक झाली असं सांगितलं तर साहेबाला वाटेल, हा घाबरून सारवासारव करतोय. त्यापेक्षा साहेबाने पुस्तक उघडण्याआधीच ते बदलावं. कव्हर तर सारखंच होतं.

मंगळवारी तो कामाच्या आधी डॅप्टोला गेला. कॅरोलिनने मॅनेजमेंटचं पुस्तक द्यायला साफ नकार दिला. डॅडमध्ये आत्ता कुठे सुधारणा दिसतेय, असं तिचं म्हणणं. शेवटी घरी परतून त्याने आपल्या कपाटातलं तसलंच दुसरं एक पुस्तक घेतलं, घाईघाईने त्याला वेडंवाकडं कव्हर घातलं आणि डब्याच्या पिशवीत लपवून कारखान्यात आणलं. रॉनच्या केबिनमध्ये कुणी नव्हतं. टेबलावर हेल्मेटखाली ते खाकी पुस्तक होतं. विश्रामने हेल्मेट उचललं आणि मागून आवाज आला.

"शोधतोयस काही?"

विश्रामने हेल्मेट पुन्हा अलगद ठेवलं. म्हणाला, हेल्मेट बघत होतो. स्वतःचं हेल्मेट त्याच्या डोक्यावरच होतं. रॉन त्याच्याकडे बघत राहिला, मग पुस्तकाकडे. मग एरवीपेक्षा पुष्कळच हळू आवाजात म्हणाला, "निम्मं झालंय. तो कप्तान माणूस विचित्र आहे."

विश्राम काहीतरी बोलणार, एवढ्यात हेड ऑफिसचा फोन वाजला आणि रॉनने हातानेच त्याला जायला सांगितलं.

बुधवारी रॉनने केबिनचं दार लावून घेतलं आणि कुणी आत येऊ नये म्हणून सांगितलं. आतून त्याचा आवाज आला नाही, ही गोष्ट सगळ्या विभागाला खटकली. युनियनचा बोरिस म्हणाला, की गप्प बसलेला साहेब नावं लिहीत असतो. गुरुवारी रॉन सकाळच्या ट्रेनने सिडनीला गेला. जाताना त्याच्या हातात खाकी पुस्तक होतं. विश्रामने त्या दिवशी एकच नमुना तीनदा तपासला आणि तिन्ही वेळा वेगळं उत्तर काढलं.

शुक्रवारी दुपारी बोलावणं आलं. रॉनने दार लावलं, काचेवरचा पडदा खाली ओढला आणि म्हणाला, "बस."

विश्रामने माफीची वाक्यं पाठ करून आणली होती. त्याने तोंड उघडताच रॉनने हात वर केला. आधी मी बोलतो, म्हणाला. आणि टेबलावरची पेन्सिल इकडून तिकडे ठेवली, तिकडून इकडे ठेवली.

"तुला कधी कळलं?" त्याने विचारलं.

"काय?"

"मला वाचता येत नाही ते. म्हणजे धड येत नाही."

बाहेर क्रेनचा घरघराट चालू होता. रॉन खिडकीकडे बघत सांगत गेला. तेराव्या वर्षी शाळा सुटली. अक्षरं नजरेपुढून सरकायची, मास्तर मारायचे. घरी बायको, जॉयस, कागद वाचून दाखवते. इथे तो चष्मा घरी राहिल्याचं सांगतो. विश्रामला एकदम आठवलं, की गेली तीन वर्षं प्रयोगशाळेचा प्रत्येक रिपोर्ट साहेब त्याच्याकडून मोठ्याने वाचून घेत होते, आणि तो साहेबांचा आपल्यावरचा विश्वास आहे असं त्याने आईलासुद्धा कळवलं होतं.

हेड ऑफिसचं फर्मान आल्यापासून रॉनला झोप नव्हती. विश्रामचं पुस्तकही त्याने घाबरतच उघडलं. बघतो तर मोठी अक्षरं, छोटी वाक्यं, अडलं तर चित्रं. आणि वरून खाकी कव्हर, कुणाला दिसू नये म्हणून.

"आयुष्यात पहिल्यांदा मी एक पुस्तक शेवटपर्यंत वाचलं," रॉन म्हणाला. "आणि तू एका शब्दाने मला लाज वाटू दिली नाहीस. असं कुणी केलं नव्हतं माझ्यासाठी."

विश्रामच्या डोळ्यांपुढे कोरीमालचा सिग्नल, ती बस, तो हॉर्न, सगळं उभं राहिलं. खरं सांगावं तर समोरच्या माणसाचं काय होईल, ते त्याला दिसत होतं. त्याने बराच विचार करून जे खरं होतं तेवढंच सांगितलं.

"मी कुणाला काही बोललो नाही."

"ठाऊक आहे मला," रॉन म्हणाला आणि त्याने विश्रामचा हात दोन्ही हातांत धरून दाबला.

मग मीटिंगचं सांगितलं. इतर प्रमुखांनी बाणांचे तक्ते दाखवले. रॉनकडे तक्ता नव्हता, म्हणून त्याने कप्तानाची गोष्ट सांगितली. बंदर आलं की एक खलाशी उतरव, बंदर आलं की एक खलाशी उतरव, आणि मग वादळ. गोष्ट संपल्यावर बड्या साहेबांनी विचारलं, की ते जहाज घरी पोचलं कसं. "मी म्हटलं, तो कप्तान असेपर्यंत नाही पोचलं." त्यानंतर चहा झाला, आणि चहानंतर रॉनच्या विभागातली नावं ख्रिसमसपर्यंत तरी बाजूला ठेवायचं ठरलं. तसं वचन रॉनने विभागालाही दिलं.

विश्राम दाराशी गेल्यावर रॉनने मागून विचारलं, "आणखी एखादं सुचवशील? थोडं जाड चालेल."

विश्रामने हे सांगितलं तेव्हा सुमेधा आधी हसली आणि मग रडली. पुढचं पुस्तक तिने निवडावं असं त्याला वाटत होतं. पण या वेळी असली पुस्तकं जी वाचते त्या कॅरोलिनलाच विचार, असं तिने सुचवलं. तेव्हा शनिवारी विश्राम पुन्हा तुस्कानोंकडे गेला. फ्रान्सिस ओट्यापाशी भांडी घासत होता आणि घासता घासता वसईच्या वेढ्यात कुणाचं चुकलं ते सांगत होता. कॅरोलिनने विश्रामचं म्हणणं गंभीरपणे ऐकून घेतलं.

"हाउ ओल्ड इज युअर फ्रेंड?"

"पंचावन्न."

तिला यात नवल वाटलं नाही. तिने कपाटासमोर बसून बराच विचार केला आणि एक पुस्तक काढलं. एका धनगराची आणि त्याच्या कुत्र्याची गोष्ट. देताना म्हणाली, "टेल हिम नॉट टु फिनिश इट ऑन अ स्कूल नाइट."

विश्रामने पुस्तक पोचवलं. दुसऱ्या दिवशी शाळा असेल त्या रात्री पुस्तक संपवू नको, हा निरोप मात्र त्याला पोरकट वाटला, म्हणून तो त्याने दिला नाही.

पुढच्या सोमवारी रॉन कामावर आला तो डोळे सुजवून. कुणावर ओरडला नाही. लेथवरच्या म्हाताऱ्याच्या खांद्यावर त्याने हात ठेवला, 'जपून राहा, मेट' म्हणाला आणि केबिनमध्ये जाऊन दार लावलं. तेवढ्याने विभागाचं अवसान गेलं. ख्रिसमसचं वचन मोडलं, नावं आली, यात कुणाला शंका उरली नाही. कुणी लॉकर आवरायला घेतलं, कुणी बायकोला फोन लावला. बोरिस तडक प्रयोगशाळेत आला आणि विश्रामला म्हणाला, की तो तुझं ऐकतो, आत जा आणि किती जण जाणार ते विचारून ये.

विश्राम आत गेला. रॉन रुमालाने नाक पुसत होता.

"सांगायचं तरी होतंस," तो म्हणाला, "की कुत्रा मरतो."

विश्राम बाहेर आला तेव्हा अख्खा विभाग दाराशी उभा होता. पुस्तकाचं तर बोलायचं नव्हतं. त्याने पुन्हा एकदा, जे खरं होतं तेवढंच सांगितलं.

"कुणाची नोकरी जात नाहीये. कुत्रा गेला, त्याचं वाईट वाटतंय."

बोरिस खाली पायरीवरच बसला. ज्या माणसाला ते इतके दिवस मनात शिव्या देत होते, तो एका मुक्या जनावरासाठी रडतो, याने सगळ्यांना भरून आलं. लॉकर पुन्हा लागली. दुपारपर्यंत हेल्मेट फिरलं, आणि प्रत्येकाने त्यात काही ना काही टाकलं.

शुक्रवारी शिफ्ट सुटताना सगळ्यांनी रॉनला अंगणात बोलावलं. बोरिसने दोन शब्द बोलायचा प्रयत्न केला, ते जमलं नाही, तेव्हा त्याने हातातलं खोकं सरळ रॉनच्या हातात दिलं. खोक्यातून एक काळं-पांढरं पिल्लू बाहेर डोकावलं आणि त्याने रॉनच्या मिशा चाटल्या.

रॉनने जन्मात कधी कुत्रा पाळला नव्हता. जॉयसला कुत्र्यांची भीती वाटे. तो पिल्लाच्या डोक्यावरून विश्रामकडे बघत राहिला. विश्राम आपल्या बुटांकडे बघत राहिला. मग रॉनने पिल्लू नीट छातीशी धरलं, घसा साफ केला आणि सगळ्यांच्या देखत, यंत्रांच्या वर जाणाऱ्या आपल्या नेहमीच्या आवाजात विचारलं,

"विश्राम, हे कसं सांभाळायचं, त्यावर एखादं पुस्तक सुचव. आणि अक्षरं मोठी असली तर बरं."