सगुणबाबांचा इंटरकूलर

आमच्या गोव्यातल्या धारगळात कुणाला मुलीचं लग्न ठरवायचं असलं, विहीर खणायची असली, नाहीतर घर बांधायचं असलं, की तो देवळात जाऊन देवाला विचारतो. भटजी मूर्तीला ओल्या पाकळ्या लावतात, आपण हात जोडून उभं राहायचं. उजवीकडची पाकळी आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. याला आम्ही प्रसाद लावणं म्हणतो. आजवर देवाने मुली, विहिरी आणि घरं यांचे निकाल विनातक्रार दिले. मोटारीला मोठा सायलेन्सर बसवू का, असं त्याला विचारणारा पहिला भक्त म्हणजे आमचे शेजारी, सगुणबाब.

देवाने डावी दिली. नकार मिळाला की माणसं चेहरा पाडून घरी जातात. सगुणबाब पेढे घेऊन आले आणि कुंपणावरून एक माझ्या हातावर ठेवला. पुढच्या खेपेला त्यांनी हवा ओढायच्या मोठ्या फिल्टरबद्दल विचारलं. पुन्हा डावी, पुन्हा पेढा. वयोमानाने सगुणबाबांची उजव्या-डाव्याची गल्लत होत असावी, अशी मी समजूत करून घेतली.

सगुणबाबांची सगळी नोकरी सरकारी कचेरीत गेली. आयुष्यभर त्यांनी कागद या टेबलावरून त्या टेबलावर पाठवले, पण एखादा कागद घाईत पाठवला असा आरोप त्यांच्यावर कुणी करू शकलं नाही. "घाईत करूचा काम न्हय" हे त्यांचं ब्रीद. दाढी करतानाही ते एक गाल झाला की थोडा वेळ विचार करतात.

गाडी खरं तर त्यांची नव्हेच. ती त्यांच्या मुलाची, सिद्धेशची. लाल, छोटी, टर्बो इंजिनाची. सिद्धेशने ती मोठ्या हौसेने घेतली आणि वर्षाच्या आत पोर्तुगीज पासपोर्ट काढून तो इंग्लंडला एका गोदामात कामाला गेला. जाताना म्हणाला, "पापा, गाडी सांबाळ." पुढे एकदा फोनवरून म्हणाला, मी येईपर्यंत तिची ताकद वाढवून ठेव, काय काय बसवायचं ते तूच बघून ठरव. ज्या गृहस्थांना तोवर स्कूटरचा प्लग कुठे असतो हे ठाऊक नव्हतं, त्यांच्याकडे हे खातं आलं. सरकारातही खाती अशीच वाटतात म्हणा.

बाब अभ्यासाला लागले. सकाळी बाल्कांवात, म्हणजे पुढच्या ओसरीवर बसून, पाव चहात बुडवून, मोबाइलवर परदेशी पोरांचे व्हिडिओ बघायचे आणि मी शाळेला निघालो की मला अडवायचे. मी मराठी शिकवतो. माझा आणि टर्बोचा संबंध एवढाच, की आमची घरं शेजारी आहेत.

"मास्तर, टर्बो म्हणजे कितें तुमका म्हायत आसा? भातो. लोहाराकडे आसता तसलो. इंजिनाच्या धुरान फिरता आनी इंजिनात हवा कोंबता."

"मग झालं की," मी म्हणायचो.

"खंय जाला? कोंबली काय हवा तापता. तापली काय फुगता. फुगली काय कमी मावता. म्हणान ती थंड करूंक इंटरकूलर जाय. इंटरकूलर घातलो काय ताकद वाडता. ताकद वाडली काय क्लच टिकना. क्लच बदल्लो काय गाडी धांवता. आनी धांवली काय ब्रेक खंय आसत?"

"मग आधी ब्रेक बदला."

"घाईत करूचा काम न्हय, मास्तर."

अॅक्सिलरेटर दाबल्यावर टर्बोला जाग यायला क्षणभर लागतो. अख्ख्या इंजिनात तेवढीच एक गोष्ट बाबांना आपल्या कचेरीतली वाटायची. बाकी ही जी ताकद वाढवायची होती, ती असलेली तरी कधी वापरली होती म्हणून विचाराल, तर तिसऱ्या गिअरच्या पुढे त्यांनी कधी पाऊल टाकलं नाही. पेडण्याच्या बाजाराला चालत निघालेल्या बायकांपाशी ते गाडी थांबवून बसा म्हणायचे. बायका म्हणायच्या, "नाका बाब, आमका बेगीन पावूंक जाय, बाजार उठतलो."

हायवेवर बसू मेस्त्रीचं गॅरेज आहे. बसू बेळगावकडचा. टर्बो गाडीवर हात चालवायला मिळणार म्हणून त्याने बाबांना पहिल्या दिवशी सोडा पाजला होता. त्यानंतर बाब दर आठवड्याला जाऊन बॉनेट उघडायचे, आत बघायचे, मान हलवायचे आणि बॉनेट मिटायचे. "काका, एक काय तरी बसवू द्या की," बसू काकुळतीला यायचा. "नुसतं बघून बघून गाडीच लाजायला लागलीया."

शेवटी बसूनेच घाव घातला. बेळगावला एका अपघाताच्या गाडीतून त्याने अगदी बरोबर बसणारा इंटरकूलर काढून आणला आणि बाबांना सांगितलं, घेणार तर या आठवड्यात घ्या, नाहीतर मी दुसऱ्याला देतो. बाबांचा चेहरा उतरला. मग नेहमीप्रमाणे ते म्हणाले, देवाला विचारूया.

त्या दिवशी मी मुद्दाम देवळात गेलो. भटजींनी गाऱ्हाणं घालण्यापूर्वी विचारलं, "बाब, हो इंटरकूलर म्हणजे नेमको कितें?"

"हवा थंड करता."

"एसी?"

"न्हय हो. इंजिनाची हवा."

भटजींनी देवाला समजेल अशा बेताने मांडलं. "बा देवा महाराजा, हो सगुण तुझ्या पायाकडे उबो आसा. झिलाच्या गाडयेक एक थंड डबो बसयन म्हणता. बसयचो आसत तर उजवी दी, ना तर डावी दी महाराजा."

"व्हय महाराजा," आम्ही म्हणालो. आम्ही म्हणजे मी आणि बसू. बसूने तर डोळे गच्च मिटले होते.

उजवी पाकळी टपकन पडली. देवही कंटाळला असावा.

बसूने भटजींचे पाय धरले. सगुणबाब मात्र पांढरे पडले. पाकळी नीट भिजली नव्हती, म्हणाले. परत लावा, म्हणाले. देव हो म्हणतोय, पण कुठल्या महिन्यात ते विचारा, म्हणाले. भटजी म्हणाले, "बाब, देवाक उलटतपासणी ना." त्या दिवशी पेढा मिळाला नाही.

संध्याकाळी मी कुंपणाशी बाबांच्या बायकोला, वहिनींना, हसत हसत हे सांगायला गेलो. बाबांची थट्टा करण्यात आमचं दोघांचं चांगलं जमतं. पण वहिनी हसल्या नाहीत.

"मास्तर, आदीं आयताराक झिलाचो फोन येई," त्या म्हणाल्या. "'जेवलंय?' 'जेवलंय.' 'थंडी आसा?' 'आसा.' जाला. फुडें बापायक सुचना ना आनी झिलाकय सुचना ना. आता गाडयेचो विषय निगालो काय अर्दो तास उलयतत. माका त्यातला कितेंच कळना, पूण आवाज आयकूंक मेळता. सगळा बसवन जाला काय मगे कितें उलयतले?"

मला फार वाईट वाटलं. ज्याला दोन वर्षं मी चालढकल म्हणून हसत होतो, ती मुलाशी बोलायला विषय उरावा म्हणून बापाने केलेली बेगमी होती. आता देवाने हो म्हटल्यावर ती मोडणं भाग होतं, कारण बाब देवाला फसवणाऱ्यांतले नव्हेत.

शनिवारी इंटरकूलर बसला. रविवारी संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो, बसूही आपलं काम मिरवायला आला होता. फोन वाजला. बाबांनी तो सगळ्यांना ऐकू येईल असा धरला.

"पापा, बसयलो?"

"बसयलो."

"सारको बसलो?"

"सारको."

मग बाबांनी वहिनींकडे पाहिलं, वहिनींनी जमिनीकडे. एवढं इंजिनाचं ज्ञान असलेला माणूस, पण त्याला पुढचं वाक्य सापडेना. मीच काहीतरी विचारणार होतो, तोच सिद्धेश म्हणाला, "पापा, गाडी चालू कर आनी फोन बॉनेटाकडे धर. आवाज आयकूंया."

आम्ही सगळे अंगणात आलो. बसूने किल्ली फिरवली, बॉनेट उघडलं. बाबांनी हात लांब करून फोन इंजिनावर धरला. बसू मधूनमधून अॅक्सिलरेटर दाबत होता आणि कौतुकाने आमच्याकडे बघत होता. असं बराच वेळ चाललं. बसू मला हळूच म्हणाला, फोन कट झाला असणार. तेवढ्यात फोनमधून आवाज आला.

"पापा, इंजिन बंद कर."

बसूने बंद केलं. त्याचा चेहरा पडला. "काय चुकलं काय?" त्याने विचारलं.

"चुकला ना कितेंच. बरो आवाज आसा," सिद्धेश म्हणाला. मग म्हणाला, "फोन थंयच धर, पापा. वाईच. कोण उलयनाकात."

शेजारच्या माडांत वारा होता. हायवेवरून एक बस गेली. न्हाणीघराजवळ वहिनींच्या कोंबड्या पानं उकरत होत्या, वरच्या वाड्यावर कुणीतरी गाईला हाका मारत होतं. फोनमधून काही ऐकू येत नव्हतं, पण तो चालू होता. बाबांचा लांब केलेला हात हळूहळू खाली यायला लागला, तशा वहिनी पुढे झाल्या आणि त्यांनी त्यांच्या कोपराखाली आपला हात धरला.