विरूपाक्षप्पांचे उघडे टॅब

लातूरच्या गंजगोलाईतले भांड्यांचे व्यापारी विरूपाक्षप्पा यांनी आयुष्यात 'बंद' हा शब्द कधी तोंडातून काढला नाही. दुकान ते संध्याकाळी 'वाढवायचे'. भूकंपानंतर बाजारात चिटपाखरू फिरकत नव्हतं, तेव्हाही कुणी विचारलं की म्हणायचे, "बंद न्हाई हो, जरा वाढवून ठिवलंय." पुढं कोचिंग क्लासचे दिवस आले, गावोगावची पोरं लातुरात राहायला लागली, आणि अप्पांचे जेवणाचे डबे असे खपले की घरात कॉम्प्युटर आला. (त्यावर बायकोनं, म्हणजे बसम्मांनी, स्वतः विणलेलं झाकणही आलं.)

घोळ सुरू झाला तो सुट्टीत. विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून घरी आलेल्या लेकीनं, शिवानीनं, जुना निळा 'ई' बाजूला सारून एक नवाच ब्राउझर बसवला.

"अप्पा, हे कुण्या एका कंपनीचं न्हाई. जगभरातली माणसं मिळून करतात. आतलं सगळं उघडं, कुणीबी बघावं, सुधरावं. फुकट हाय. मराठीतबी हाय."

"फुकट?" अप्पांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "मग नफा कुणाचा?"

"कुणाचाच न्हाई. ज्याला जे येतं ते त्यानं करायचं, ज्याला पाहिजे त्यानं घ्यायचं."

"म्हंजे दासोह म्हण की!" सिद्धेश्वराच्या यात्रेतल्या अन्नदानाच्या पंगतीत अप्पा दरवर्षी भाताची बादली घेऊन वाढायचे. त्यामुळं त्यांना एकदम पटलं.

पण ह्या ब्राउझरात एका खिडकीत कितीही पानं उघडायची. त्यांना टॅब म्हणायचं, आणि प्रत्येकाच्या कडेला एक फुली. फुलीवर बाण नेला की 'बंद करा' असं उमटायचं! आता सकाळी आंघोळ करून, विभूती लावून बसलेल्या व्यापाऱ्यानं असलं काही दाबायचं कसं? अप्पांनी दाबलं नाही. एकदा उघडलेला टॅब उघडाच राहायचा.

अशात शिवानीला स्थळ आलं. उदगीरचे तेलाचे व्यापारी महादेवप्पा, त्यांचा मुलगा रविकिरण. आजवर प्रत्येक स्थळाला नाक मुरडणारी पोरगी ह्याला न बघताच "चालंल" म्हणाली. बसम्मांचा आनंद गगनात मावेना.

"आता तुमी मधी कायबी घोळ घालू नका," त्यांनी नवऱ्याला बजावलं. "हे मोडलं तर पोरगी पुन्यांदा हो म्हणायची न्हाई."

अप्पांनी मान डोलावली आणि चौकशीसाठी कॉम्प्युटरसमोर जाऊन बसले. (गावात चौकशी केली तर बोभाटा होतो. कॉम्प्युटर कुणाला सांगतोय?)

पाहुणे आले त्या दिवशी सकाळपासून लाइट नव्हती. कॉम्प्युटर चालू असतानाच गेली होती. पाहुण्यांच्या हातात चुरमुऱ्यांच्या सुशिल्याच्या बशा आल्या आणि पंखा फिरला.

"आमचा रविकिरण दिवसभर कॉम्प्युटरवरच असतोय," महादेवप्पा म्हणाले.

"आमच्याकडंबी हाय की!" अप्पा उठलेच. बसम्मांनी डोळे वटारले. अप्पांना वाटलं, झाकणाची नीट घडी घाला म्हणतेय.

ब्राउझर उघडला आणि पडद्यावर प्रश्न आला: 'मागच्या वेळी काम अर्ध्यात थांबलं होतं. सगळे टॅब परत उघडू का?'

गिऱ्हाइकाला नाही म्हणायची अप्पांना सवय नव्हती. माल नसला तरी "उद्या येतोय" म्हणायचे. त्यांनी 'हो' दाबलं.

रविकिरणची आई लक्ष्मम्मा निवृत्त शिक्षिका. अक्षर दिसलं की मोठ्यानं वाचायची सवय. त्यांनी चष्मा लावला.

"'उदगीरच्या महादेवप्पांचं दुकान खरंच चालतं का.'"

महादेवप्पांचा चमचा वाटेतच थांबला.

"'मुलगा चोरून पितो हे कसं ओळखावं.' 'जावयाला टक्कल पडणार का हे आधी कळतं का.'"

रविकिरणचा हात आपोआप केसांकडं गेला.

"आवो, बंद करा ते!" बसम्मा ओरडल्या.

"अगं, असं म्हणू नये, पाहुणे बसलेत!" अप्पांना घाम फुटला होता. "कुण्या येड्यानं हा 'परत उघडू का'चा प्रश्न घालून ठिवला ह्यात? इचारायचं कशाला?"

"मीच, मामा," रविकिरण खाली बघत म्हणाला. "ह्याचं मराठी कॉलेजात आम्हीच काही जणांनी केलंय."

"काही जण म्हंजे कोण?"

रविकिरणनं शिवानीकडं बघितलं. शिवानीनं चहाच्या ट्रेकडं. तेव्हा कुठं अप्पांना त्या "चालंल"चा उलगडा झाला. आपल्या हातानं लेकीचं वाटोळं केलं की हो!

महादेवप्पा उठले. "चला. दुकान चालतं का म्हणं!"

"थांबा हो, शेवटचा राहिला," लक्ष्मम्मा म्हणाल्या आणि जरा हळू वाचलं, "'मुलगी सासरी जाताना बापाला रडू येऊ नये म्हणून काय करावं.'"

महादेवप्पा पुन्हा खाली बसले.

"अप्पा, ह्याचं उत्तर घावलं का?" त्यांचा आवाज एकदम मऊ झाला होता. "आमची पोरगी निलंग्याला दिली, तवा मी मांडवामागं जाऊन लेकरावानी रडलो." मग बशी पुढं करत म्हणाले, "सुशिला वाढा थोडा. आन् दुकान लई चालतं, बरं का!"

लग्न ठरलं, झालंही. पाठवणीच्या वेळी सगळा गोतावळा हुंदके देत होता आणि अप्पा मात्र गाल फुगवून ताठ उभे. एक शब्द नाही, डोळ्यांत टिपूस नाही. केवढा धीराचा बाप, असं बायका कुजबुजल्या. शिवानी पाया पडली, उठली आणि त्यांच्या गळ्यात पडून म्हणाली, "अप्पा, जेवत जा वेळेवर. आन् टॅब वाढवत जा."

झालं! अप्पांच्या तोंडातलं सगळं पाणी फवाऱ्यासारखं उडालं ते थेट जावयाच्या नव्या कोटावर, आणि मागोमाग असा हंबरडा फुटला की बँडवाले वाजवायचे थांबले.

"आवो, तोंडात पाणी कशाला धरलं हुतं?" बसम्मांनी कपाळाला हात लावला.

"कॉम्प्युटरवर वाचलं हुतं," अप्पा हुंदक्यांतून म्हणाले. "तोंडात घोट धरला की डोळ्याला पाणी येत न्हाई."

रविकिरणनं रुमालानं कोट पुसला.

"मामा, ते पान मी त्या दिवशी तुमच्या टॅबात बघितलं हुतं. ते कांदा चिरतानाचं हाय."