पाईवी आभार मानते

माणूस दारात उभा राहिला की त्याला काय हवंय ते मी त्यानं टोपी काढायच्या आत ओळखते. ही माझी जुनी ख्याती! आमच्या पाराना शहरात, नदीकडच्या गल्लीत कोणालाही विचारा. म्हणजे आता विचारायला तिथे कोणी उरलेलं नाही, तेव्हा माझ्यावरच विश्वास ठेवा.

म्हणून अडुसष्ट साली विद्यार्थी मंडळाच्या बेर्तोत्तीबाई आल्या आणि म्हणाल्या, "नेलिदा, फिनलंडची एक मुलगी शिकायला येतेय, वर्षभर ठेवून घ्याल का?" तेव्हा मी छातीवर हात मारून म्हणाले, "खुशाल पाठवा! महिन्याभरात ती आईचं नाव विसरली नाही तर बघा!"

पाईवी आली. सतरा वर्षांची, मेणबत्तीसारखी उंच आणि पांढरी. बोलायची गोड, पण सगळं पुस्तकातलं.

पहिल्याच संध्याकाळी अंगणात आमचं माते, म्हणजे आमच्याकडचा कडू चहा, सुरू झालं. भोपळ्याचा एकच तुंबा, त्यात पाला, वरून गरम पाणी, ओढून प्यायला एकच नळी. मी तो भरून एकाच्या हाती द्यायचा, त्यानं रिकामा करून परत करायचा, मग पुढच्याची पाळी. असे दहा-बारा फेरे सहज होतात. पोट भरलं की तुंबा परत देताना "आभारी आहे" म्हणायचं, म्हणजे त्याला वगळतात. हे कोणी कोणाला शिकवत नाही. दात येतात तसं येतं!

पाईवीनं पहिला तुंबा संपवला, उभी राहिली आणि मान झुकवून म्हणाली, "आभारी आहे!"

"एकातच झालं?" सासूबाई पुटपुटल्या. "चिमणी आहे की काय!"

मी तिला वगळलं. दुसऱ्या दिवशी, "खूप आभारी आहे!" वगळलं. आठवड्यानं, "मी आपली मनापासून आभारी आहे!" आणि चेहरा असा, जणू मी तिची लाडकी कोंबडी कापली!

घरात खल सुरू झाला.

"पाणी कढत असेल," माझा नवरा ओरासियो म्हणाला.

"छे! आपल्या उष्ट्या नळीची किळस येते तिला," सासूबाई म्हणाल्या. "मोठ्या घरची दिसते."

"मग म्हातारे, वेगळी नळी आण की तिला!"

ओरासियो मला लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून म्हातारे म्हणायचा. चाळिशीच्या तोंडावर ते जरा झोंबायचं. पण सल्ला पटला! मी नवी कोरी नळी आणली, वेगळा तुंबा आणला, बसायला वेगळं स्टूलसुद्धा ठेवलं.

"हे फक्त तुझं हं, बाळ. आमच्यात प्यायला नको तुला!"

पोरीचे डोळे भरून आले. मला वाटलं, आनंदानं! मी ओरासियोला कोपरानं ढोसलं, "बघितलंस? आई व्हावं तर असं!"

पाईवी एकटीच स्टुलावर बसून प्यायली. मग पाठ केल्यासारखं म्हणाली, "आपले उपकार मी जन्मभर विसरणार नाही!"

मी तुंबा धुतला आणि फडताळात ठेवून दिला.

शनिवारी बेर्तोत्तीबाई आल्या, तोंड लांब करून. "नेलिदा, मुलीनं घर बदलून मागितलंय."

मी मटकन खालीच बसले. मला दोन मुलगे, दोघंही लष्करात. तीन आठवडे रोज सकाळी पाईवीच्या वेण्या घालत होते मी. हाताला सवय लागली होती हो!

"काय कमी पडलं गं, पोरी?"

पाईवीनं वही उघडली. "सोमवार. आजी चौदा तुंबे, मी एक. मंगळवार. आजी पंधरा, मी एक. मी शब्द वाढवले. तरी एकच! मग मला वेगळं बसवलं."

"पंधरा नाही, बारा!" सासूबाई ओरडल्या.

"थांबा हो, सासूबाई! कुठले शब्द वाढवलेस?"

"आभारी आहे. खूप आभारी आहे. मनापासून..."

मग ओरासियो जो हसत सुटला तो खुर्चीसकट मागे कलंडला! मी रडत होते की हसत होते, मलाच कळेना. तिला जवळ घेऊन सगळं समजावलं.

तिनं डोळे पुसले. "म्हणजे आभार मानले नाहीत तर मिळत राहणार?"

"मिळत राहणार."

"कितीही?"

"कितीही, राणी!"

तिथल्या तिथे अंगणात बैठक बसली. एकच तुंबा, एकच नळी. बेर्तोत्तीबाईंनी तिसऱ्या तुंब्याला आभार मानले आणि टेबलाशी बसून अहवाल लिहायला घेतला. पाईवी मात्र रिकामा तुंबा माझ्या हातात कोंबायची, ओठ घट्ट मिटून. नऊ झाले. सोळा झाले. किटली तीनदा उकळली. पाल्याचा डबा संपला, ओरासियो शेजारून मागून आला. एकविसाव्याला सासूबाई, ज्या आयुष्यात कोणापुढे वाकल्या नव्हत्या, त्या काकुळतीला आल्या.

"माझे बाई, आता एकदा आभार मान की गं!"

पाईवीनं तुंबा पोटाशी धरला आणि अस्सल आमच्या गल्लीच्या ठसक्यात म्हणाली, "मेले तरी मानणार नाही!"

महिन्यानं अहवालाची प्रत टपालानं घरी आली. "मुलगी याच घरी अत्यंत सुखात आहे, तिला हलवू नये. मात्र अवघ्या तीन आठवड्यांत तिच्या वळणाचे पार वाटोळे झाले असून त्यास सौ. नेलिदा सर्वस्वी जबाबदार आहेत."

मी चष्मा पुसून पुसून तो तीनदा वाचला. एक शब्दही खोडता आला नाही!