घासून लख्ख केलेलं कडं

सकाळी स्वेनुंगने लॅपटॉप उघडला आणि हातातला कॉफीचा कप तसाच बाजूला ठेवला. काल पुसलेला परिच्छेद परत आला होता! खाली ‘कोठारातला बोका’ नावाच्या संपादकाचा शेरा होता: ‘कारण न देता मजकूर काढू नये. हा परिच्छेद म्हणजे या पानाचा जीव आहे.’

“त्याचा जीव वाचतोय आणि इथे माझा जातोय,” स्वेनुंग पुटपुटला.

घरी बिअर करणाऱ्या लोकांनी मिळून चालवलेला हा इंटरनेटवरचा कोश. कुणीही लिहावं, कुणीही दुरुस्त करावं. दोन महिन्यांपूर्वी मन हलकं करायची दुर्बुद्धी स्वेनुंगला सुचली आणि त्याने ‘छत्रीवाला’ असं टोपणनाव घेऊन लिहिलं: ‘घराण्याचं यीस्ट मेलं तर घाबरू नका. दुकानातलं पाकीट आणा. आमच्याकडे तीन वर्षांत कुणाला पत्ता लागलेला नाही. बायकोचा भाऊ तर डोळे मिटून घोट घेतो, “आजोबा!” म्हणतो आणि रडतो.’

हा भाऊ म्हणजे ओड्वार. फ्योर्डच्या, म्हणजे समुद्राच्या खाडीच्या, काठावर त्याचं शेत, आणि शेतावरच्या कोठारात खुंटीला टांगलेलं आजोबांचं लाकडी कडं. बिअरच्या फेसात ते बुडवायचं, वाळवायचं आणि पुढच्या खेपेला तेच कढईत सोडायचं. दह्याला विरजण तसं बिअरला हे कडं. स्वेनुंग पडला बर्गन शहरातला. बावीस वर्षं या घरचा जावई, पण बिअरच्या दिवशी त्याचं काम एकच: लाकडं आणायची आणि बाजूला व्हायचं. तीन वर्षांपूर्वी ओड्वारच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा कुठे कडं सांभाळायला त्याच्या हाती आलं. काळंकुट्ट, खपल्या धरलेलं. स्वेनुंगला वाटलं, या लोकांना स्वच्छतेची मेली सवयच नाही. त्याने ते उकळत्या पाण्यात टाकलं, साबण लावला आणि ब्रशने घासून लख्ख केलं.

आपण चार पिढ्यांचं यीस्ट गटारात सोडलं, हे त्याला त्याच कोशातलं पान वाचताना कळलं. पुढची हकिगत त्या परिच्छेदात आहेच.

आता भीती वाटायला लागली म्हणून त्याने परिच्छेद पुसला. बोक्याने परत लावला. पुन्हा पुसला, पुन्हा लावला. तिसऱ्या खेपेला बोक्याने पानाला कुलूपच घातलं. सगळे विचारायला लागले, एवढं कोण लपवतंय? झालं! तो परिच्छेद थेट पहिल्या पानावर गेला, ‘या महिन्याचा वाचनीय मजकूर’ म्हणून. खाली कुणीतरी तर्क लढवला: ‘छत्री म्हणजे पाऊस, पाऊस म्हणजे बर्गन. हा शहरातला जावई दिसतो.’ स्वेनुंगने ते दोनदा वाचलं. त्याने लॅपटॉप मिटला आणि वर उशी ठेवली.

तेवढ्यात त्याची बायको तुरिड आत आली. “दादाचा फोन होता. शनिवारी बिअर करायचीय. म्हणाला, स्वेनुंगला आणच. इंटरनेटवर त्याने काहीतरी वाचलंय, त्याबद्दल बोलायचंय म्हणे.”

“माझं पोट दुखतंय.”

“आज बुधवार आहे. शनिवारचं पोट आजपासून दुखतं होय?”

“तुरिड, समजा उद्या तुझ्या माहेरच्यांनी मला बिअरला बोलवायचं बंद केलं, तर?”

“तर लाकडं कोण आणणार?” ती म्हणाली आणि निघून गेली.

स्वेनुंग तिथेच बसून राहिला. बावीस वर्षांनी एक कडं हाती आलं होतं. ते गेलं की मग लाकडंसुद्धा नकोत, घरीच बसा.

शनिवारी कोठारात धूर भरला होता. जुनिपरच्या झुडपाच्या फांद्यांवरून गाळलेलं माल्टचं, म्हणजे मोड आणलेल्या बार्लीचं, गोड पाणी कढईत निवत होतं. आता कडं सोडायचं आणि सगळ्यांनी जीव तोडून आरोळी ठोकायची. आरोळी जितकी भयंकर तितकी बिअर कडक, हा तिथला रिवाजच. ओड्वारची आरोळी पलीकडच्या काठाला ऐकू जायची. स्वेनुंगची म्हणजे पायावर कुणाचा पाय पडल्यासारखी. दरवर्षी मेहुणी-भाच्यांना तेवढीच करमणूक.

“स्वेनुंग, आज माझ्याशेजारी उभा राहा,” ओड्वार म्हणाला.

“मी लाकडं आणतो ना.”

“लाकडं पुरे झाली. ये इकडे.”

स्वेनुंग गेला. बळीच्या बोकडालाही यापेक्षा हुरूप असेल. ओड्वारने कडं कढईवर धरलं, वाकून त्याच्या कानाशी तोंड नेलं आणि हळूच म्हणाला, “काय छत्रीवाले, तयार?”

आणि कडं सोडलं.

स्वेनुंगच्या तोंडून जी किंकाळी निघाली, तिने कोठारातल्या बाकी सगळ्यांची आरोळी घशातच राहिली. उतारावरच्या मेंढ्या कुंपण मोडून पळाल्या. शेजाऱ्याने ट्रॅक्टर बंद करून हाक मारली, “कोण गेलं?”

“अगंबाई!” तुरिड टाळ्या वाजवत म्हणाली. “बावीस वर्षं कुठे लपवून ठेवली होतीस ही?”

ओड्वारने त्याला दंडाला धरून कोठारामागे नेलं.

“परिच्छेद तूच पुसत होतास?”

“हो. माफ कर मला, ओड्वार...”

“गाढवा! तीन वेळा परत लावला मी!”

“तू? बोका तू?”

“हळू बोल.” ओड्वारने मागे वळून पाहिलं. एवढा धिप्पाड माणूस, पण कपाळावर घाम होता. “आजोबांचं कडं अठ्ठ्याण्णव साली उंदरांनी खाल्लं. हे मी कोरलंय. शेजाऱ्याच्या फेसात बुडवून आणलं, गुपचूप. तेव्हापासून दरवर्षी पहिला घोट घेतो आणि आधी मीच ‘आजोबा!’ म्हणतो, दुसऱ्या कुणाला शंका यायच्या आत. इतकी वर्षं एकटा घाबरतोय रे मी. तुझं वाचलं आणि बरं वाटलं. आणि तू तेच पुसतोस!”

स्वेनुंगने खिशातला रुमाल काढून ओड्वारला दिला.

“पण एक चुकीचं लिहिलंस,” ओड्वार नाक पुसत म्हणाला. “मी रडत नाही. डोळ्यांत धूर जातो.”

सोमवारी सकाळी कोशाच्या ‘आरोळी’ या पानावर बोक्याने एक नवं वाक्य घातलं होतं: ‘आरोळीसाठी खरोखर घाबरलेला माणूस घ्यावा. बिअर फार कडक उतरते.’

त्याखाली कुणीतरी विचारलं होतं, ‘आधार काय?’

बोक्याने उत्तर दिलं होतं, ‘बहिणीचा नवरा.’

स्वेनुंगने ते पुसायला बोट उचललं. मग खाली घेतलं आणि कॉफी प्यायली.