आवडाबाईचा जाड आवाज

"साऱ्या दुनियेचं ऐकू येतं, तेवढं माझंच येत नाय!" असं म्हणत आवडाबाईनं पत्र्याच्या पेटीत लुगडी कोंबायला घेतली. रामकिसन तिच्या पाठीमागंच उभा होता, पण त्याला त्यातलं अक्षरसुद्धा कळलं नाही. तो घाबरला तो पेटी बघून.

"काय म्हनू रायली ही?" त्यानं आईला विचारलं.

"माहेराला जाऊ रायली, पाचोडला! आता परत नाय यायची म्हनते," साळूबाई चुलीपासूनच आपल्या घोगऱ्या आवाजात म्हणाली.

"अगं पर काहून?" रामकिसन दचकला.

"बघा!" आवडाबाईनं कपाळावर हात मारून घेतला. "आईचं कसं झटक्यात ऐकू आलं!"

रामकिसनची पडेगावात रस्त्याला लागून पिठाची गिरणी. मिसरूड फुटायच्या आधीपासून तो त्या धडधडीत उभा होता. समोरच्या सायकलवाल्या सरदारनं रस्त्यापलीकडून हाक मारली तरी त्याला ऐकू यायची. म्हशीचं हंबरणं, आईची बडबड, सगळं यायचं. दळण घेऊन येणाऱ्या बायकांचं तो डब्यात डोकावून भागवायचा. गहू की जवारी ते डोळ्यांना दिसतंच. पण आवडाबाईचा आवाज सुईसारखा बारीक, तो वाटेतच कुठं गडप व्हायचा कोण जाणे. आता तुम्हीच सांगा, नेमकं बायकोचंच ऐकू न येणं हा आजार आहे असं म्हटलं, तर कोणती बायको खरं मानील?

शेवटी रामकिसन पेटीवरच बसला. "शहागंजातल्या कानाच्या डॉक्टरकडं चल. माझे कान चांगले हायेत असं त्यानं म्हनलं, तर मीच तुला पाचोडच्या गाडीत बसवून देतो."

डॉक्टरनं रामकिसनच्या कानांना मशीन लावलं आणि आवाज आला की बोट वर करायला सांगितलं. जाड आवाजाला बोट टणकन वर. बारीक आवाज सुरू झाले, तसा गडी नुसता भिंतीवरची पाल बघत बसला. मग डॉक्टरनं तेच मशीन आवडाबाईच्या कानाला लावलं. तिला पाखराच्या पिल्लागत चिवचिव ऐकू आली.

"कानात गोगलगायीच्या शंखासारखी एक नळी असते," डॉक्टर म्हणाले. "तिच्यात बारीक केस. आवाज आला की ते डोलतात, तेव्हा आपल्याला ऐकू येतं. शंखाच्या तोंडाशी असलेले केस बारीक आवाज टिपतात, आतले जाड. गिरणीच्या दणक्यानं यांचे तोंडाशी असलेले केस आधी मेले."

"मंग पुन्हा उगवतील की," रामकिसन आशेनं म्हणाला.

"ते डोक्यावरचे नाहीत हो! गेले ते गेले. राहिलेले जपा. गिरणीत कानात बोळे घाला. आणि बाई, तुम्ही ओरडू नका. आवाज जाड काढा, सावकाश बोला आणि यांच्या तोंडासमोर बसून बोला."

आवडाबाईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. इतकी वर्षं आपण याला घुम्या म्हणालो, मुद्दाम करतो म्हणालो, आणि या बिचाऱ्याला खरंच ऐकू येत नव्हतं! तिला फार वाईट वाटलं आणि त्याहून जास्त बरं वाटलं.

परतीच्या वाटेवर रामकिसननं तिला शपथ घातली. "कोनाला बोलायचं नाय. आईला तर मुळीच नाय, तिला सांगितलं म्हंजे दवंडीच. दगड गुळगुळीत झाला, त्याला टाकीनं घाव घालायची वेळ झाली का नाय, ते गिरणीवाला कानानं ओळखतो. मी बहिरा हाय म्हनलं की सारी दळणं पुंजारामच्या गिरणीत जातील. मंग खायचं काय?"

त्याच संध्याकाळी सराव सुरू झाला. साळूबाई देवळात गेली होती. आवडाबाई नवऱ्यासमोर मांडी घालून बसली, छाती भरून श्वास घेतला आणि खर्जात म्हणाली, "माझ्या... तोंडाकडं... बघ...ता... का?"

"व्हय!" रामकिसन हरखून गेला. तिचा शब्द न् शब्द ऐकू येत होता! त्यानं आनंदानं हातच जोडले.

नेमकी त्याच वेळी शेजारची सरूबाई विरजण मागायला दारात आली. आत बघते तर आवडाबाई डोळे वटारून बसलेली, तोंडातून पुरुषाचा आवाज, आणि समोर नवरा हात जोडून मान डोलावतोय. अन् दिवस अमावास्येचा! सरूबाईची वाटी तिथंच पडली. देवळापर्यंत ती कशी पळाली, ते तिचं तिलाच ठाऊक.

"साळूबाई, तुमच्या सुनंला बाहेरचं लागलं!"

घटकाभरात अंगणात अर्धं पडेगाव जमलं. साळूबाई शेगडीत निखारे फुलवून वर सुक्या मिरच्यांची पाटी घेऊनच आली. धुरी दिल्याबिगर असलं काही अंग सोडत नाही, हे सगळ्यांना पाठ होतं.

"कोन हाईस तू?" साळूबाईनं लांबूनच विचारलं.

"मी आवडा!" आवडाबाई गडबडीत बोलून गेली, पण गळा अजून खर्जातच अडकलेला. बायका चार पावलं मागं सरल्या.

"लई चिवट दिसतंय," सरूबाई पुटपुटली. "खरं नाव सांगत नाय."

मूठभर मिरच्या निखाऱ्यांकडं निघाल्या आणि रामकिसनचा जीव कासावीस झाला. बोलावं तर गिरणी बुडते, न बोलावं तर बायकोचा जीव घुसमटतो. त्यानं आईचा हात धरला आणि सगळ्या गावादेखत ओरडला, "तिला काय बी झालं नाय! मी बहिरा हाय! डॉक्टरनं तिला जाड बोलाया लावलं!"

मग सरदार मागून आपल्या जाड आवाजात हळूच म्हणाला, "क्या मियाँ, बहरा है तू?"

"हौ ना!" रामकिसननं ताबडतोब उत्तर दिलं.

सारं अंगण हसलं. "म्हंजे यालाबी धरलं," सरूबाईनं निकाल दिला. "दोघांलाबी धुरी द्या!"

आवडाबाईनं हे ऐकलं, मिरच्यांकडं बघितलं आणि नवऱ्याकडंही. पोटापाण्यावर निखारा ठेवून हा माणूस आपल्यासाठी उभा राहिला, हे बघून तिचा ऊर भरून आला. तेवढ्यात साळूबाईनं अशा वेळी विचारायचा दुसरा प्रश्न विचारला, "बोल बाई, काय पायजे तुला? काय दिलं म्हंजे जाशील?"

काय पायजे तुला! लग्न होऊन आल्यापासून हे तिला कुणी म्हणजे कुणी विचारलं नव्हतं. आवडाबाईनं केस मोकळे सोडले, छाती भरून घेतली आणि गिरणीच्या दगडासारख्या आवाजात म्हणाली, "गिरणी चालू असंल तवा यानं कानात कापसाचे बोळे घालायचे!"

"घालील माय, घालील!"

"दर मंगळवारी गिरणी बंद. पाचोडला महिन्यातून एकदा मला... हिला न्यायचं! अन् फडताळाची किल्ली सुनंच्या कमरेला!"

साळूबाई किल्लीपाशी जरा अडखळली. "रातच्याला तूप कोन खातं ते सांगू का?" असा प्रश्न खर्जातून येताच किल्ली आपोआप सुटली. आवडाबाईनं एक जांभई दिली आणि "इथं काय झालं हो?" असं बारीक आवाजात विचारलं. साळूबाईनं शेगडी विझवली.

त्या अमावास्येपासून रामकिसनच्या गिरणीला उलट गर्दी वाढली. त्या घराला काही तरी राखतं, तिथलं पीठ लाभतं, असं सरूबाईच सांगत सुटली. पुंजाराम स्वतःसुद्धा एकदा पायलीभर जवारी दळायला घेऊन आला म्हणतात. रामकिसन कानात बोळे घालून दळत होता आणि कुणी काही विचारलं तर, "नवस हाय," म्हणत होता.

महिन्याभरानं पाचोडच्या गाडीत दोघं शेजारी बसले. आवडाबाईनं कमरेची किल्ली चाचपली, खिडकीकडं तोंड केलं आणि गालातल्या गालात हसत कायतरी बोलली.

"काय म्हनली?" रामकिसननं कान पुढं केला.

ती त्याच्याकडं वळली आणि खर्जात, सावकाश म्हणाली, "काय नाय. तुमाला ऐकू येऊ नये, म्हनूनच बारीक आवाजात म्हनले."