दहिवडीतलं सफरचंद

माण तालुक्यात सफरचंद पिकवणारा पहिला माणूस मीच ठरणार, यात मला तिळमात्र शंका नव्हती! परसातलं माझं रोप आता खांद्याला आलं होतं. फुलाचा पत्ता नव्हता, एवढंच. मोबाईलवरच्या एका व्हिडिओत कारण सापडलं. सफरचंदाला थंडी लागते. थंडी पडल्याशिवाय ते झोपत नाही आणि झोपल्याशिवाय फुलत नाही. आमच्या दहिवडीत डिसेंबरातसुद्धा दुपारी पापड वाळतात! मग ठरवलं, थंडी विकत आणायची.

आई कोयनानगरला मावशीकडे गेली होती, बायको माहेरी तासगावला. अडवणारं कुणी नाही! बर्फाच्या कारखान्यातून टेम्पो बोलावला, लाद्या झाडाच्या बुडाशी रचल्या, वर गोणपाट टाकलं. फोटो काढताना मोबाईल हातातून सटकून बर्फाच्या पाण्यात पडला, तो कायमचा मुका झाला.

तेवढ्यात शेजारच्या रंगूकाकी आल्या.

"बिरदेवा, एवढा बरफ कशाला रं?"

"हळू बोला काकी! एवढ्यात कुठं सांगू नका." झाडावरून गावात आधीच माझी टिंगल चालायची.

"आन् आक्का कुठं हायती?"

"आई? ती गेली की काल!"

काकींनी पदर तोंडाला लावला. "आगं बया! तान्याला कळवलंस का?"

तानाजी म्हणजे माझा मुंबईतला थोरला भाऊ.

"दादाला? नको! हसंल तो मला!"

मीच कुणाचा तरी गळा दाबलाय अशा नजरेनं बघत काकी निघून गेल्या. मला वाटलं, जळतात लोक!

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं, तर अंगण माणसांनी भरलेलं! पांढऱ्या टोप्या, खाली माना. माझी छाती फुगली. झाड बघायला एवढी गर्दी!

"या, या! बर्फात ठेवलंय," मी म्हणालो. "हात मात्र लावू नका कुणी."

बायकांनी एकदम गळा काढला. मी चक्रावलो. सफरचंदासाठी कुणी रडतं का?

इतक्यात परसातून धाडकन् आवाज आला. धावत गेलो. भावकीतल्या लालासाहेबानं मागच्या फाटकातून ट्रॉली आत घालून बाभळीची लाकडं आणि गोवऱ्या ओतल्या होत्या. बरोबर माझ्या झाडावर! ढिगातून एक डहाळी तेवढी वर दिसत होती.

"गेलं रं! सगळं गेलं!" मी मटकन् खाली बसलो आणि हंबरडा फोडला.

"रडू द्या त्याला," लालासाहेब म्हणाला. "कालपासनं कोंडून ठेवलं हुतं."

त्याच वेळी एसटीतून उतरून आई घराकडं आली. अंगणात गर्दी, मागून माझा हंबरडा! तिनं पिशवी टाकली आणि थेट रंगूकाकींच्या गळ्यात पडली. दोघी मनसोक्त रडल्या. मग आईनं विचारलं,

"कोण गेलं गं रंगू?"

"तुमीच की वं, आक्का!"

एवढं बोलून काकींनी मान वर केली, आणि किंचाळून जागच्या जागी आडव्या झाल्या! पुरुष मंडळी वाट दिसेल तिकडं पळाली. दोन टोप्या तर कुंपणावर अडकून राहिल्या.

काकींच्या तोंडावर पाणी मारत मी सफरचंदाचा खुलासा करत होतो, तोच दारात गाडी थांबली. दादा उतरला. डोक्याचा चकाचक गोटा! आणि ज्या मिशीला सगळा तालुका ओळखायचा, ती गायब!

आई ओरडली, "आरं तान्या! तुजं कोण गेलं?"

दादाचे डोळे पांढरे व्हायची वेळ आली.

"काकींचा फोन आला... बिऱ्याचा लागंना... म्हटलं, गडबडीत गावात न्हावी मिळंल न मिळंल... म्हणून साताऱ्यातच उरकून आलो!"

एवढं बोलून त्यानं आईचे पाय धरले आणि लहान पोरासारखा रडला. आई त्याच्या गुळगुळीत डोक्यावरून हात फिरवत राहिली.

"दिवाळीला बोलवून थकले. मी मेल्यावर आलास व्हय रं?"

माझ्याकडं मात्र तिनं असं बघितलं, की मी दोन पावलं मागं सरकलो.

लालासाहेब ओशाळून म्हणाला, "आक्का, लाकडं भरून न्हेतो परत."

मी आनंदानं पुढं झालो. झाड वाचेल! पण आईनं एक लाकूड उचलून ठोकून बघितलं.

"ऱ्हाऊ द्या. बाभळ चांगली वाळल्याली हाय. आणलीच हाय तर असू द्या, कवातरी लागंलच."

आता त्या ढिगावर तिनं ताडपत्री घातलीय. अंघोळीच्या पाण्यालासुद्धा एक ढलपी काढू देत नाही. माझं सफरचंद खाली दबलेलं आहे. आणि तो ढीग लवकर हलावा, असं तोंडानं म्हणायचीही मला सोय राहिलेली नाही!