पोरीयले चालत नाई

देवळीच्या वाटेवर आमच्या वावराला लागून गुलाबकाकांचं वावर. त्यांच्या फाटकातून आत जायचं तर आधी डोकं वाकवून हुंगू द्यावं लागे. तलाठी असो की नवा जावई, सूट कुणालाच नाही. वासाचं तेल सापडलं की काका हाकलत, "डोकं धुऊन ये बे. माह्या पोरीयले चालत नाई."

पोरी म्हणजे आंब्याखालच्या चार पेट्यांतल्या मधमाश्या. उग्र वासानं त्या चिडतात, हे खरं. पण काकू गेल्यापासून काका सगळंच पोरींवर ढकलत. लग्नाला का नाही आलात? पोरीयले करमत नाई. रेडिओ का बंद? पोरीयले चालत नाई. माणूस अगदी वैताग आणायचा.

ती नव्वदीतली वर्षं. कपाशीवर बोंडअळी माजलेली, फवाऱ्यावर फवारे चाललेले. काकांची सगळ्यांना एकच ताकीद होती, "आदल्या दिवशी सांगजो." मग ते उजाडायच्या आत पेट्यांच्या दारांना जाळी लावत, वर ओलं बारदान टाकत आणि कोंडलेल्या पोरींची दिवसभर समजूत काढत बसत.

त्या भादव्यात मला महालक्ष्मीच्या जेवणाला समुद्रपूरला सासरी जायचं होतं. दुसऱ्या सकाळी माझ्या कपाशीवर गड्याच्या हातून फवारा ठरलेला. डोक्याला चमेलीचं तेल चोपडून निघालो आणि फाटकाशी आठवलं, काकांना सांगायचं राहिलं. आता ते हुंगणार, धुवायला पाठवणार, एसटी चुकणार. वाटेवरून ओरडून सांगता आलं असतं. मी तेवढंही केलं नाही. एका फवाऱ्यानं काय होतंय, म्हणत सटकलो. त्याची लाज अजून वाटते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परतलो तर फाटक सताड उघडं. काका पेटीसमोर उकिडवे बसलेले. जमिनीवर माश्यांचा सडा. काही उताण्या पडून जागच्या जागी गरगरत होत्या. एक कशीबशी दारापर्यंत चढली, तर राखणीच्या माश्यांनी तिला ढकलून खाली पाडलं.

"अंगाले औषधाचा वास हाय ना," काका म्हणाले. "घरचेच आत घेऊन नाई राह्यले तिले."

त्यांनी तिला बोटावर घेतलं आणि टोपीत ठेवलं. टोपी अर्धी भरली होती.

माझी मान वर होईना. "काका, फवारा माह्या वावरातला होता."

"मालूम हाय."

मी शिव्यांची वाट पाहत उभा राहिलो. काका थोडे सरकले, शेजारी जागा केली.

"बस. तुही काकू गेली तवा चार लोकं तरी होते. एकट्यानं नाई पाहवत बे."